लॉगचा पाथ सापडत नाही म्हणतोय? आधी बघा, नेमका कोणाला सापडत नाहीये

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत पॅनल आणि छोटी स्पेशल पर्पज मशीन बनवणारी कंपनी, पीएलसीचे (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचे) प्रोग्राम आणि ड्रॉइंग सबव्हर्जनमध्ये, सॉफ्टवेअरवाली दोन-तीन पोरं वेगळ्या लिनक्स मशीनवर गिट वापरतात (दोन्ही फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणारी सॉफ्टवेअर). जुना सर्व्हर काढून नवीन विंडोज सर्व्हर बसवला, रिपॉझिटरी (फाइली आणि त्यांचा सगळा इतिहास) कॉपी केल्या, आणि तेव्हापासून टॉर्टॉइजमधून (सबव्हर्जनचा विंडोजवरचा क्लायंट) कमिट मारलं, म्हणजे बदल नोंदवले, की 'पोस्ट-कमिट हुक फेल्ड' आणि खाली 'द सिस्टिम कॅनॉट फाइंड द पाथ स्पेसिफाइड'. हुकची स्क्रिप्ट (कमिटसारखी घटना घडली की सर्व्हर आपोआप चालवतो ती) सर्व्हरवर बसून हाताने चालवली तर एकदम व्यवस्थित चालते, लॉग फाइलमध्ये ओळ पण पडते. आणि गिटवाल्या मशीनवर त्याच आठवड्यात 'अनेबल टू अपेंड टू .गिट/लॉग्ज/हेड, परमिशन डिनाइड' सुरू झालं. व्हेंडरने सांगितलं की एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाका आणि लिनक्सवर सातशे सत्त्याहत्तर मारा (चेंजमोड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी).

नका देऊ. कारण पुढे सांगतो. (कमांड आणि मेसेज मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजीत टाका, एवढं तर कळेलच.)

सगळ्यात आधी जीवात जीव यावा म्हणून: तुमचं कमिट गेलेलं आहे. पोस्ट-कमिट हुक नावाप्रमाणे कमिट झाल्यावरच चालतो, रिव्हिजन नंबर मिळून डेटा रिपॉझिटरीत बसल्यावर. तो फेल झाला म्हणजे कमिटनंतरचं काम फेल झालं, म्हणजे तुमच्याकडे ते ईमेल पाठवणं आणि लॉगमध्ये नोंद करणं. टॉर्टॉइजमध्ये शो लॉग उघडा, रिव्हिजन दिसेल. लाल अक्षरं बघून तीच फाइल परत परत कमिट करत बसलात तर काही होणार नाही, बदलच उरलेला नाही. प्री-कमिट असता तर गोष्ट वेगळी, तो फेल झाला की कमिटच अडतं आणि मेसेजमध्ये 'कमिट ब्लॉक्ड बाय प्री-कमिट हुक' असं स्वच्छ लिहून येतं. फक्त एक करा, मधल्या काळात ज्या रिव्हिजन झाल्या त्यांच्या नोंदी आणि मेल राहून गेलेत, ते हुक दुरुस्त झाल्यावर हाताने चालवून घ्या. सबव्हर्जन हुकला पहिला आर्ग्युमेंट रिपॉझिटरीचा पाथ देतं आणि दुसरा रिव्हिजन नंबर, तेच दोन तुम्ही स्वतः द्यायचे.

आता खरा मुद्दा. 'हाताने चालवलं तर चालतं' हे वाक्य मी अंबड-सातपूरमध्ये इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की ते ऐकलं की अर्धं उत्तर मिळाल्यासारखंच वाटतं. पाथ बरोबर की चूक हे पाथकडे एकट्याने बघून ठरतच नाही, तो कोण वाचतोय, कुठे उभा राहून वाचतोय आणि त्याला तिथे शिरायची परवानगी आहे का, यावर ठरतं. सीबीएसला (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाला) उभ्या असलेल्या माणसाला 'सरळ जाऊन डावीकडे' सांगितलं तर तो एका ठिकाणी पोचेल आणि नाशिकरोड स्टेशनबाहेर उभा असलेला भलतीकडेच. रिलेटिव्ह पाथचं, म्हणजे आपण उभे आहोत त्या फोल्डरपासून मोजलेल्या पाथचं, हेच आहे. तुम्ही स्क्रिप्ट चालवता तेव्हा तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर असता, तुमच्या फोल्डरमध्ये उभे असता, तुमचा पाथ व्हेरिएबल (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) भरलेला असतो, तुमचे झेड आणि वाय ड्राइव्ह मॅप झालेले असतात. सर्व्हर तीच स्क्रिप्ट चालवतो तेव्हा यातलं काहीच नसतं.

सबव्हर्जन तर मुद्दाम हुकला रिकामं एन्व्हायर्नमेंट देतं, सिक्युरिटीसाठी. पाथ व्हेरिएबलसुद्धा नाही. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये नुसतं 'पायथन' किंवा 'एसव्हीएनलुक' लिहिलंय तर ते सापडणारच नाही, पूर्ण पाथ लिहावा लागतो, अगदी .ईएक्सईपर्यंत, आणि मध्ये प्रोग्राम फाइल्ससारखी स्पेस असेल तर डबल कोट्समध्ये. १.८ व्हर्जनपासून कॉन्फ फोल्डरमध्ये हुक्स-एन्व्ह नावाची फाइल ठेवून थोडे व्हेरिएबल देता येतात पण मी स्वतः ते टाळतो, कारण दोन वर्षांनी दुसरा कोणी येतो, स्क्रिप्ट वाचतो आणि त्याला कळतच नाही की पाथ येतोय कुठून.

मग अकाउंट. व्हिज्युअलएसव्हीएन सर्व्हर असेल तर तो डिफॉल्टला नेटवर्क सर्व्हिस या अकाउंटखाली चालतो. त्या अकाउंटला तुमचा मॅप केलेला ड्राइव्ह दिसत नाही, कारण विंडोजमध्ये ड्राइव्ह मॅपिंग हे त्या-त्या लॉगिन सेशनचं असतं, मशीनचं नसतं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये झेड:\एसव्हीएनलॉग असं असेल तर मला दुसरं कारण शोधायची गरजच वाटणार नाही. झेडच्या जागी \\सर्व्हर\शेअर असा यूएनसी पाथ लिहा असं सगळे सांगतात, बरोबर आहे पण अर्धंच. नेटवर्क सर्व्हिस जेव्हा दुसऱ्या मशीनवर जातो तेव्हा तो कॉम्प्युटरच्या अकाउंटने ओळख सांगतो, म्हणजे डोमेन असेल तर शेअरवर त्या कॉम्प्युटर अकाउंटला परवानगी देता येते. आपल्याकडच्या वीस-पंचवीस माणसांच्या कंपन्यांमध्ये डोमेन कुठे असतं, सगळं वर्कग्रुपवर, तिथे त्या ओळखीला समोरची मशीन किंमतच देत नाही. अशा ठिकाणी माझं सरळ मत आहे की हुकचा लॉग सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरच लिहा, आणि नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) हवा असेल तर टास्क शेड्युलरमधून रात्री कॉपी करा. नॅस बंद असला, केबल निघाली, लाइट जाऊन स्विच रिसेट झाला, काहीही झालं तरी कमिट करणाऱ्या पोराला लाल अक्षरं दिसायचं कारण नाही.

बॅच फाइलच्या दोन खोडी इथेच सांगून टाकतो कारण दोन्ही याच मेसेजच्या आसपास सापडतात. स्क्रिप्टमध्ये 'सीडी डी:\लॉग्ज' लिहिलंय आणि स्क्रिप्ट सी ड्राइव्हवरून सुरू झाली, तर ड्राइव्ह बदलतच नाही, 'सीडी /डी' लिहावं लागतं. एरर पण येत नाही, पुढची ओळ गुपचूप सी ड्राइव्हवर चालते आणि तुम्ही डी ड्राइव्हवर लॉग शोधत बसता. दुसरी, सीएमडीला यूएनसी पाथवर सीडी करता येत नाही, तो आहे तिथेच राहतो, आणि यूएनसी पाथवरूनच सुरू केला तर विंडोज फोल्डरमध्ये जाऊन बसतो. 'पुशडी' वापरा, तो तात्पुरतं एक ड्राइव्ह अक्षर जोडून देतो. आणि सर्व्हिस म्हणून चालणारी गोष्ट रिलेटिव्ह पाथ वापरत असेल तर तिचा लॉग बऱ्याचदा विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये सापडतो, किंवा तिथे लिहायची परवानगी नाही म्हणून सापडतच नाही.

अंदाज करत बसायचं नसेल तर हुकलाच विचारा. पोस्ट-कमिट स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन ओळी टाका, एक हूॲमआय, त्याचा पूर्ण पाथ देऊन, सिस्टिम३२ मध्ये असतो तो, आणि दुसरी नुसतं सीडी, जे विंडोजमध्ये आत्ता कुठे आहोत ते छापतं. दोन्हींचा आउटपुट स्टँडर्ड एररकडे वळवा आणि शेवटी एक्झिट १ करा. सबव्हर्जन हुकचा स्टँडर्ड आउटपुट टाकून देतं पण स्क्रिप्ट फेल झाली की स्टँडर्ड एरर कमिट करणाऱ्याच्या खिडकीत आणून दाखवतं. म्हणजे तुम्ही आपल्या पीसीवरून एक किरकोळ कमिट मारायचं आणि सर्व्हर कोणत्या नावाने, कोणत्या फोल्डरमध्ये उभा राहून बोलतोय ते समोर वाचायचं. लॉग फाइल लिहिता येत नाहीये म्हणून शोध चाललाय आणि तो शोध घ्यायला अजून एक लॉग फाइल, असली कसरत करायला लागत नाही. लिनक्सवर हेच तपासायचं तर 'एन्व्ह -आय' लावून स्क्रिप्ट चालवा, रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ती कशी वागते ते लगेच दिसतं. लिनक्सवर 'एक्झिट कोड २५५' आणि काहीच आउटपुट नाही असं आलं तर पाथ सोडा, स्क्रिप्टला एक्झिक्युट परमिशन आहे का आणि पहिल्या ओळीतला शेल खरंच तिथे आहे का ते बघा.

एररमधला आकडा पण वाचत जा. विंडोजमध्ये २ म्हणजे फाइल नाही, ३ म्हणजे पाथ नाही, ५ म्हणजे नाकारलं. २ आणि ३ मधला फरक फार कामाचा आहे: ३ आलं म्हणजे फोल्डर किंवा ड्राइव्हच सापडलेला नाही, फाइल तयार करून काही उपयोग नाही. तुमचा मेसेज ३ चाच आहे. लिनक्सवर २ म्हणजे नाही, १३ परवानगी नाही, २० म्हणजे मध्ये जे फोल्डर समजलात ते फोल्डर नाहीये, २८ डिस्क भरली, ३० म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरतीच माउंट झालीय. २८ आलं आणि डीएफमध्ये जागा दिसतेय तर डीएफ -आय करून आयनोड (प्रत्येक फाइलमागे डिस्कवर लागणारी एक नोंद) बघा, बारीक बारीक फाइलींनी ते आधी संपतात. १३ आलं तर 'नेमआय -एल' आणि पुढे पूर्ण पाथ, तो रूटपासून एकेक पायरीचे मालक आणि परवानग्या छापतो. बऱ्याचदा फाइल आणि तिचं फोल्डर ठीक असतं, वरच्या तिसऱ्या पायरीवर एक्झिक्युट बिट नसतो आणि लोक खालच्याच फोल्डरला चेंजमोड मारत राहतात. आणि रेड हॅट कुटुंबातलं लिनक्स असेल, सगळ्या परवानग्या बरोबर दिसतात तरी १३, तर एसईलिनक्सचं (परवानग्यांच्या वरची अजून एक सुरक्षा) लेबल बघा. लॉग नेहमीच्या जागेवरून हलवला की हे हमखास होतं.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर विंडोजवर सिसइंटर्नल्सचा प्रोसेस मॉनिटर लावा, रिझल्टमध्ये 'पाथ नॉट फाउंड' आणि 'ॲक्सेस डिनाइड' एवढंच फिल्टर करा आणि एक कमिट मारा. लिनक्सवर एसट्रेस. प्रोग्राम कोणता पाथ मागतोय हे अक्षरन् अक्षर दिसतं, शेवटी चिकटलेली स्पेससुद्धा.

तुमच्या केसमध्ये हे सर्व्हर बदलल्यावरच का झालं तेही समजून घ्या. हॉटकॉपीने (सबव्हर्जनच्या स्वतःच्या कॉपी कमांडने) किंवा नुसतं फोल्डर उचलून रिपॉझिटरी हलवली की हुक्स फोल्डर पण तसंच्या तसं सोबत येतं, आतल्या जुन्या ड्राइव्हच्या पाथसकट. डंप आणि लोड केलं असतं, म्हणजे इतिहास फाइलमध्ये काढून नवीन रिपॉझिटरीत भरला असता, तर हुक आलेच नसते, मग एररही नाही आणि मेलही नाही, आणि सहा महिने कोणाला पत्ता नाही. त्यामानाने तुमची एरर बरी म्हणायची.

आता गिट. 'अनेबल टू अपेंड टू .गिट/लॉग्ज/हेड' याचा तुमच्या ॲप्लिकेशनच्या लॉगशी काही संबंध नाही. .गिटमधलं लॉग्ज फोल्डर म्हणजे रिफलॉग. हेड (सध्या कोणत्या कमिटवर आहोत ती खूण) आणि प्रत्येक ब्रँच कधी कुठून कुठे सरकली त्याची गिट स्वतः ठेवतो ती वही. परवानगी नाही म्हणतोय याचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा एकच असतं, कोणीतरी 'सुडो गिट पुल' केलेलं असतं. रूटने पुल केलं की त्या वेळी तयार झालेल्या फाइलींचा मालक रूट, मग साधा युजर त्यात ओळ जोडायला गेला की नकार. फाइंड कमांडने .गिटमध्ये तुमच्या युजरच्या मालकीच्या नसलेल्या फाइली काढून बघा, दिसतीलच, आणि नुसत्या लॉग्जमध्ये नाही, ऑब्जेक्ट्समध्ये पण. मग चाउन -आर करून पूर्ण रिपॉझिटरी योग्य युजरच्या नावावर करा. एवढंच.

इथे लोक दोन उपाय करतात आणि दोन्ही वाईट. एक, लॉग्ज फोल्डरच उडवून टाकतात. चालतं लगेच, गिट नवीन तयार करतो. पण चुकून हार्ड रिसेट मारला, ब्रँच उडवली, रिबेसमध्ये घोळ झाला तर परत यायचा रस्ता त्या वहीतच असतो. डिफॉल्टला नोंदी ९० दिवस राहतात, आणि ज्या कमिटपर्यंत आता ब्रँचमधून पोचता येत नाही त्यांच्या ३० दिवस. ती वही जाळून तुम्ही फक्त एक मेसेज बंद करताय. दुसरा उपाय म्हणजे तो सातशे सत्त्याहत्तर. त्याने आज चालेल, उद्या दुसरा युजर नवीन फाइल करेल ती त्याच्याच मालकीची असेल आणि गाडी परत तिथेच. शिवाय .गिटमधले हुक कोणालाही लिहिता यायला लागले तर जो कोणी मशीनवर आहे त्याला तुमच्या नावाने काहीही चालवता येतं. खरंच चार जण एकच रिपॉझिटरी सर्व्हरवर वापरत असतील तर एक ग्रुप करा, गिटच्या कॉन्फिगमधलं कोअर डॉट शेअर्डरिपॉझिटरी ग्रुपवर ठेवा आणि फोल्डरवर सेटजीआयडी लावा, म्हणजे नवीन फाइली आपोआप त्या ग्रुपच्या होतात.

मालकी बदलल्यावर कदाचित 'डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप' येईल. ही तपासणी गिटच्या एप्रिल २०२२ च्या २.३५.२ पासून आहे, दुसऱ्याच्या मालकीच्या रिपॉझिटरीत गिट काम करायला नाही म्हणतो. सेफ डॉट डिरेक्टरीमध्ये तो एक पाथ घाला, * टाकून सगळंच सेफ करू नका.

तुमच्या पोरांपैकी कोणीतरी .गिट/लॉग्ज/हेड थेट वाचणारी स्क्रिप्ट लिहिलीय असंही प्रश्नात होतं आणि ती एका फोल्डरमध्ये 'नॉट अ डिरेक्टरी' देते. ते फोल्डर वर्कट्री (त्याच रिपॉझिटरीचं दुसरं कामाचं फोल्डर) किंवा सबमॉड्यूल (आत जोडलेली दुसरी रिपॉझिटरी) असणार. तिथे .गिट हे फोल्डर नसतंच, एका ओळीची फाइल असते, खरं घर कुठे आहे ते सांगणारी. स्क्रिप्टमध्ये पाथ हाताने जोडायच्या ऐवजी 'गिट रेव्ह-पार्स --गिट-पाथ लॉग्ज/हेड' असं विचारा, गिट बरोबर जागा सांगतो. आणि सर्व्हरवरच्या बेअर रिपॉझिटरीत (जिच्यात कामाच्या फाइली नसतात, फक्त इतिहास असतो) लॉग्ज फोल्डर नाही म्हणून घाबरू नका, बेअरमध्ये रिफलॉग डिफॉल्टला बंदच असतो. हवा असेल तर कोअर डॉट लॉगऑलरेफअपडेट्स ट्रू करा, मी सर्व्हरवर करतोच, कोणी फोर्स पुश केला तर आधी काय होतं ते निदान दिसतं.

लॉग्जवर अजून एका कारणाने आदळतात. 'रिलीज' नावाची ब्रँच आहे आणि कोणी 'रिलीज/सातपूर' काढायला गेलं. ब्रँच म्हणजे फाइल आणि स्लॅश म्हणजे फोल्डर, एकाच नावाची फाइल आणि फोल्डर शेजारी राहू शकत नाही, म्हणून गिट 'कॅनॉट लॉक रेफ' म्हणतो. बऱ्याचदा सर्व्हरवरची जुनी ब्रँच कधीच उडालेली असते, तुमच्याकडेच तिची सावली शिल्लक असते, 'गिट रिमोट प्रून ओरिजिन' केलं की मोकळं. विंडोजवर हेच मोठ्या-छोट्या अक्षरांमुळे होतं, कॅपिटल एफचं फीचर आणि स्मॉल एफचं फीचर तिथे एकच.

सगळ्यात जास्त वेळा येणारी भानगड मात्र या सगळ्यापेक्षा साधी आहे. ॲप्लिकेशन लॉग्ज/ॲप.लॉग मध्ये लिहितं, डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर नवीन क्लोन केलं की पहिल्याच सेकंदाला 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. कारण गिट रिकामं फोल्डर ठेवतच नाही. फोल्डरमध्ये फक्त .लॉग फाइली, त्या इग्नोर केलेल्या, म्हणजे गिटच्या दृष्टीने ते फोल्डरच अस्तित्वात नाही. पायथनचा फाइलहँडलर फाइल तयार करतो पण फोल्डर करत नाही. मला विचाराल तर प्रोग्रामनेच सुरू होताना फोल्डर तयार करावं. ते जमत नसेल तर आत .गिटकीप नावाची रिकामी फाइल ठेवतात, पण इग्नोर फाइलमध्ये (.गिटइग्नोर) 'लॉग्ज/' लिहून खाली उद्गारचिन्हाने '.गिटकीप' वगळलं तर ते चालत नाही, कारण आईफोल्डरच बाद केल्यावर गिट आत डोकावतच नाही. 'लॉग्ज/*' लिहा आणि मग उद्गारचिन्ह लावून 'लॉग्ज/.गिटकीप'. कोणती फाइल कोणत्या ओळीमुळे इग्नोर होतेय हे 'गिट चेक-इग्नोर -व्ही' सांगतो.

उलटी केस पण असते. लॉग फाइल कधीतरी कमिट झाली, मग इग्नोरमध्ये टाकली, तरी गिट तिच्यावर नजर ठेवतोच, कारण इग्नोर फक्त आधीपासून ट्रॅक नसलेल्या फाइलींना लागू. विंडोजवर प्रोग्रामने ती उघडून ठेवलेली असते, कोणी ब्रँच बदलायला जातं आणि 'अनलिंक फेल्ड, शुड आय ट्राय अगेन' विचारत बसतो. वाय दाबत बसू नका, प्रोग्राम बंद करा, 'गिट आरएम --कॅश्ड' करून फाइल ट्रॅकिंगमधून काढा आणि कमिट करा. फक्त हे कमिट दुसऱ्याने पुल केलं की त्याच्या मशीनवरची ती फाइल डिलीट होते, त्यामुळे आधी सांगून ठेवा.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत रास्पबेरी पायवर तापमान आणि पानांच्या ओलाव्याचं मोजमाप चालतं, तिथून रोजच्या लॉग फाइली गिटमध्ये जायच्या आणि कॉलेज रोडच्या ऑफिसात विंडोजवर क्लोन केलं की 'क्लोन सक्सीडेड, बट चेकआउट फेल्ड' आणि वर 'इनव्हॅलिड पाथ'. फाइलच्या नावात वेळ होती, दहा कोलन पंधरा. लिनक्सला कोलन चालतो, विंडोजला फाइलच्या नावात अजिबात नाही. पायथनचा आयसोफॉरमॅट कोलन घालतोच. उपाय विंडोजवर शोधू नका, मुळात नाव देतानाच कोलनच्या जागी हायफन घाला आणि जुन्या फाइलींची नावं लिनक्सवर बदलून कमिट करा. ('लॉग गिटमध्ये टाकायचेच कशाला' हा प्रश्न मी तिथेही विचारला होता. उत्तर आलं, बॅकअप म्हणून. असो.)

विंडोजवरच, गिट बॅशमध्ये कोणी आउटपुट फेकून द्यायला 'नल' कडे वळवला तर तिथे खरोखर त्या नावाची फाइल तयार होते, आणि मग गिट ॲड 'शॉर्ट रीड व्हाइल इंडेक्सिंग' म्हणून अडतो. बॅशमध्ये /डेव्ह/नल वापरायचं. गिट बॅशची अजून एक सवय, स्लॅशने सुरू होणारा आर्ग्युमेंट दिसला की तो त्याला विंडोज पाथ समजून पुढे प्रोग्राम फाइल्स चिकटवतो, भलताच पाथ एररमध्ये दिसला तर एमएसवायएस_नो_पाथकॉन्व्ह=१ लावून बघा. गिटच्या कॉन्फिग फाइलमध्ये उलटा स्लॅश एकेरी लिहू नका, मागे एन किंवा टी आलं की ती नवीन ओळ किंवा टॅब होते आणि बाकी बहुतेक अक्षरांना 'बॅड कॉन्फिग लाइन'. सरळ स्लॅश लिहा, विंडोजवरही चालतो. पाथ २६० अक्षरांच्या वर गेला तर 'फाइलनेम टू लाँग', त्याला कोअर डॉट लाँगपाथ्स ट्रू, पण एक्सप्लोरर आणि बाकी टूल अडू शकतात म्हणून रिपॉझिटरी डेस्कटॉपच्या सहाव्या फोल्डरात ठेवण्यापेक्षा ड्राइव्हच्या मुळाशीच ठेवलेली बरी.

मराठी नावाच्या फाइली तुमच्याकडे आहेत असं दिसलं म्हणून हे पण. गिट स्टेटसमध्ये नावाच्या जागी \३४०\२४४ असले आकडे दिसतात तेव्हा फाइल बिघडलेली नसते, गिट नाव आकड्यांमध्ये दाखवतोय एवढंच. कोअर डॉट कोटपाथ फॉल्स करा, देवनागरी दिसायला लागते. मात्र तो आउटपुट वाचून पुढे फाइल उघडणाऱ्या स्क्रिप्ट तोपर्यंत 'पाथ नाही' म्हणणारच. आणि जुन्या मॅकवर आपल्या 'दुसऱ्या शिफ्टचा लॉग' सारख्या नावात एक खास गंमत आहे: त्यातला ऱ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही, जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम त्याचे दोन तुकडे करून ठेवायची, दिसायला नाव तेच पण बाइट वेगळे. मॅकवरच्या गिटमध्ये कोअर डॉट प्रीकम्पोजयुनिकोड त्यासाठीच आहे. सबव्हर्जनमध्ये अशा फाइली एकाच वेळी 'मिसिंग' आणि 'अनव्हर्जन्ड' दिसतात. रिपॉझिटरीत फाइलचं नाव इंग्रजी ठेवा, मजकूर मराठी ठेवा, एवढाच माझा सल्ला.

शेवटचा तुमचा छोटा प्रश्न, काढून टाकलेल्या फाइलचा इतिहास बघायला गेलं की 'ॲम्बिग्युअस आर्ग्युमेंट' येतं. गिटला कळत नाही की तुम्ही ब्रँचचं नाव दिलंय की फाइलचं, फाइल तर आता डिस्कवर नाही. 'गिट लॉग -- ' आणि मग पाथ, मधले दोन डॅश महत्त्वाचे. सबव्हर्जनमध्ये तेच 'फाइल नॉट फाउंड, रिव्हिजन अमुक' असं येतं, तिथे यूआरएलच्या शेवटी @ लावून फाइल जिवंत होती तेव्हाचा रिव्हिजन नंबर द्या. फाइलच्या नावातच @ असेल तर शेवटी अजून एक रिकामा @ जोडा, नाहीतर मागचा भाग तो रिव्हिजन समजतो.

आता आधी हुकचं करा. त्या दोन ओळी टाकून एक कमिट मारा आणि खिडकीत जे येईल ते, सोबत पूर्ण पोस्ट-कमिट.बॅट, मला पाठवा. त्यात मेल सर्व्हरचा पासवर्ड उघडा लिहिलेला असणार, असतोच, तेवढी ओळ झाकून पाठवा. तोपर्यंत व्हेंडरला सर्व्हरला हात लावू देऊ नका, त्याने परवानग्या बदलल्या तर हूॲमआयचं उत्तर येऊनही मूळ कारण शोधायला दुप्पट वेळ जाईल.